चि. रणजित, पाणी पीत जा

चि. रणजितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. हातात फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे, आणि आई वहीचं पान फाडून लिहीत बसलीय. पण फोनवर तू "हो आई, हो आई" करत माझं बोलणं संपवतोस, आणि फोन ठेवला की आठवतं, सांगायचं होतं ते राहिलंच. तायडी याचे फोटो काढून तुला पाठवेल. वाचू नकोस म्हणून तिला बजावलंय. वाचणारच ती.

फुकेतला नीट पोचलास, खोली मिळाली, जिमच्या जवळ भात मिळतो, हे ऐकून बरं वाटलं. चटणीची पिशवी विमानतळावर काढून घेतली नाही, हे त्याहून बरं. मग बोलता बोलता तू म्हणालास की दिल्लीची एमएमएची लढत आता एकसष्ट किलोच्या गटात नाही, 56.7 च्या गटात घेतलीय. "खाली उतरतोय" एवढंच. जसा काही एसटीतून उतरणार आहेस. मी तेव्हा गप्प बसले, कारण आबा दारातच उभे होते.

जाताना तू उपकेंद्राच्या काट्यावर उभा राहिलास तेव्हा काटा सदुसष्टावर होता. मी बघितलाय. अंगावर चरबी म्हणावी अशी कुठं आहे तुझ्या? दहा किलो काढणार कुठून?

मला या एमएमएतलं, पिंजऱ्यात कुस्ती आणि गुद्दे-लाथा एकत्र चालणाऱ्या तुझ्या खेळातलं, काही कळत नाही असं तुला वाटतं. डाव कळत नाहीत, खरं आहे. गिलोटिन काय नि आर्मबार काय, तायडी सांगते आणि मी मान हलवते. पण पाणी आटलेलं शरीर मला कळतं. आशाचं काम करताना ऊसतोडीच्या खोपटांतून हिंडलेय मी. पोरगं मलूल दिसलं की पोटाची कातडी चिमटीत धरायची आणि सोडायची. पटकन बसली तर ओआरएस पाजायचं. हळूहळू बसली, डोळे खोल गेलेले असले, तर गाडीला फोन करायचा. आम्हाला ट्रेनिंगमध्ये त्याचा तक्ता दाखवतात. मुंबईच्या लढतीआधी तू काट्यावरचा फोटो टाकलास ना, दंड फुगवून उभा? गालफडं बसलेली, ओठांना भेगा. खाली लोकांनी आगीची चित्रं टाकली होती, "वाघ" म्हणून लिहिलं होतं. मला तो तक्ता आठवत होता.

रागावू नकोस. तुझी बाजू मी ऐकून घेतलीय, आणि ती अगदीच खोटी नाही. तूच समजावलं होतंस की कुस्तीत वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं, तुमच्यात आदल्या दिवशी. मधे चोवीस तासांच्या वर मिळतात. म्हणून जो तो पाणी काढून वजनात बसतो आणि रात्रीतून पुन्हा भरतो. आपण नाही काढलं तर आपल्या वजनाचा म्हणून समोर आलेला माणूस पिंजऱ्यात पाच-सहा किलोनं जड असतो, आणि तो छातीवर बसला की हलत नाही. हे मला पटतं. आबांनाही पटतं, ते बोलणार नाहीत. पण ते पाणी काढायचं कसं, ते तू सांगितलंस तेव्हा माझा घास तोंडातच राहिला. आधी दिवसाला सात-आठ लिटर प्यायचं, मीठ बंद, भात-भाकरी बंद. मग पाणी एकदम तोडायचं आणि शरीर सवयीनं बाहेर टाकतच राहतं. शेवटच्या रात्री कढत पाण्याच्या टबात बसायचं, वर टॉवेल गुंडाळून पडायचं. आणि नंतर सलाईन लावून घ्यायचीही सोय नाही, उत्तेजकांच्या नियमात बसत नाही. मग ते भरून निघतं कशानं? आमच्या आरोग्य केंद्रातल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, काट्यावर वजन परत दिसतं एका रात्रीत, पण मूत्रपिंडाला तो ताण बसतोच, आणि मेंदूभोवतीचं पाणी तेवढ्यात पूर्ववत होतं असं कुणी धरून चालू नये. आणि तू तर दुसऱ्या दिवशी त्याच डोक्यावर गुद्दे घेणार. चार औंसाचा तो हातमोजा म्हणजे नुसती पट्टीच की रे.

पुरे. पाण्याचं आता नाही लिहीत.

तुझे आबा हल्ली दूध घालून आले की तायडीचा मोबाईल मागतात. "त्या उत्तराखंडच्या पोराची लाव." अंशुल जुबलीची. 2023 च्या फेब्रुवारीत तो जिंकला ती लढत त्यांनी परत परत बघितली. मग ऑक्टोबरातली अबुधाबीची, तिसऱ्या फेरीत हरला ती. तायडीनं त्यांना सांगितलं की समोरच्या त्या ब्रीडनचं वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं होतं, तरी त्याच्या पैशातून दंड कापून लढत झाली. आबा ताडकन उठले. "म्हंजे वजनात बसला त्यो पडला आणि न बसलेला जिंकला? मग ह्यो उपाशी कशापायी मरतोय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच लढत लावायला सांगितली. 2017 साली शांघायला उतरलेल्या आपल्या भरत खंडारेचीही बघितली. पहिल्याच फेरीत गळा आवळला गेला त्याचा. आबा म्हणाले, मान मोकळी ठेवून आत शिरला, तालमीत शिकलेली खोड आहे, आपल्या पोराला सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हशीकडं गेले. तेव्हा मानेचं मी सांगतेय असं समज, आणि नाव त्यांचं घे.

तुमच्यातलं ते भांडण तुम्हीच मिटवा. मला मधे घालू नका. आबांचं एकच म्हणणं आहे, पैलवान खाऊन मोठा होतो. त्यांच्या वस्तादांनी त्यांना तेच सांगितलं, त्यांनी तुला. तालमीत तुझं नाव घातलं तेव्हा घरातलं सगळं दूध डेअरीला जायचं बंद झालं, आठवतं? सदाकाका बडबडला होता. बदाम भिजत घालायचे, खसखस, मगज, पाट्यावर वाटून थंडाई. मिक्सरला आबांनी हात लावू दिला नाही. माझे हात दुखायचे आणि तू एका दमात तांब्या रिकामा करून मिशी पुसायचास, तेव्हा मिशी नव्हती तरी. गावच्या जत्रेत रेवड्यांची कुस्ती मारलीस तेव्हा तुझ्यापेक्षा अंगानं थोराड पोरगं होतं. एकेरी पट काढलास. रेवड्या चड्डीच्या खिशात भरून आणल्यास, सगळ्या माती लागलेल्या, आणि मला तशाच खायला लावल्यास. आल्या आल्या कळशीला तोंड लावून पाणी प्यायला होतास. घशातून तो गटगट आवाज. आजी ओरडली, कळशी उष्टी केली म्हणून. तू ऐकलं नाहीस, पाणी नाकातोंडावरून लंगोटापर्यंत.

लिहायचं नाही म्हटलं होतं ना मी.

पैशाचं तू जाताना आबांना सांगितलंस ते त्यांना नीट समजलं नाही, म्हणून ते चिडले. यूएफसीत, म्हणजे तुमच्या खेळातल्या त्या सगळ्यात मोठ्या अमेरिकन कंपनीत, नवख्याला बारा हजार डॉलर आणि जिंकला तर आणखी बारा, हे त्यांनी रुपयांत मोजलं आणि गप्प झाले. मग तायडी म्हणाली की त्यातून प्रशिक्षक, मॅनेजर, कर, सगळं जातं, आणि वर्षाला दोन-तीनच लढती मिळतात. आणि तू अजून तिथं पोचलेला नाहीस, इथल्या लढतींचे पैसे किती ते मला माहीत आहे. आबांना कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे दिसतो. पॅरिसला पदक आणलं आणि त्याआधी रेल्वेत टीसीची नोकरी धरून होता. खेळ चालला नाही तर पगार चालू. तुझ्या खेळात नोकरीचा कोटा नाही, म्हातारपणी मानधन नाही, आणि जखमी झालास तर पुढची लढत मिळेपर्यंत काय खाणार? मी तुला पोलीस भरतीचा फॉर्म भर म्हणत नाही. एकदाच म्हटलं होतं. तायडी म्हणते एकदा नाही. असू दे.

अभिमान नाही असं समजू नकोस. आरोग्य केंद्रात सगळ्यांना तुझी लढत दाखवून झालीय. एका बाईनं विचारलं, हे मारामारीचं काम पोराला का करू देता? मी तिला पाच मिनिटं समजावलं की मारामारी नाही, पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, पंच असतो, डोक्याच्या मागं मारता येत नाही, खाली टेकलेल्याच्या तोंडावर लाथ मारता येत नाही, हरणाऱ्यानं हात आपटला की तिथं थांबतं. तिला समजावता समजावता मलाच धीर आला. घरी आल्यावर गेला.

कारण माझी भीती पिंजऱ्यातली नाहीच. पिंजऱ्यात पंच आहे, डॉक्टर आहे. आदल्या रात्री हॉटेलच्या न्हाणीघरात कोण असतं?

तुझ्या खोलीच्या भिंतीवर त्या रशियाच्या खबीबचा, तुमच्या खेळातल्या चॅम्पियनचा, फोटो आहे. रोज झाडताना बघते. 2017 च्या मार्चमध्ये वजन उतरवता उतरवता त्याला दवाखान्यात न्यावं लागलं आणि ठरलेली लढत रद्द झाली, हे मला तायडीनं सांगितलं, तू नाही. आणि विनेश फोगाटचं तर सगळ्या देशानं बघितलं. रात्रभर जागून, केस कापून, शंभर ग्रॅमसाठी बाहेर. त्याच पॅरिसला अमन सेहरावतनं दहा तासांत साडेचार किलोच्या वर उतरवलं आणि पदक घेतलं. तू मला अमनचंच उदाहरण देणार, माहीत आहे. अमनच्या शेजारी रात्रभर माणसं बसली होती बाळा. आणि मनिलाला 2015 च्या डिसेंबरात तो चिनी मुलगा गेला, यांग जियान बिंग. एकवीस वर्षांचा. तुझ्याच फ्लायवेटमध्ये, म्हणजे त्या 56.7 च्या गटात. लढतीत नाही गेला, वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपवाल्यांनी पाणी काढून वजन करायला बंदी घातली. वजनाबरोबर लघवी तपासतात, अंगात पाणी कमी दिसलं तर पास करत नाहीत. त्यांचं फ्लायवेटच 61.2 पर्यंत आहे. म्हणजे तुला तिथं उतरावंच लागणार नाही! हरियाणाची ती रितू फोगाट कुस्तीतून तिथंच गेली ना? मग तू तिकडं का बघत नाहीस? मला सगळं कळत नसेल, करार-बिरार असतील. पण मॅनेजरला एकदा विचार. माझ्यासाठी विचार.

लई भाषण झालं. तुझ्या जागी मी असते तर मीही हे पान अर्ध्यावर ठेवून दिलं असतं.

खबीबनं वडील गेल्यावर आईला शब्द दिला आणि 2020 ला खेळ सोडला, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. मी तसला शब्द मागत नाही. खेळ. छप्पन्नला खेळायचंच असेल तर आत्तापासून हळूहळू खाली ये, शेवटच्या आठवड्यावर सात-आठ किलो ठेवू नकोस. शेवटच्या दिवशी तीनच्या वर उरलं तर लढत सोड. लोक हसतील. हसू देत. आबा नाही हसणार, ते मी तुला लिहून देते.

रोज सकाळचं वजन तायडीला पाठव, पोटाला पट्टा न बांधता. जायच्या आधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची तपासणी केली होतीस तशी तिथं पुन्हा कर आणि कागदाचा फोटो पाठव, मॅडम बघतील. लघवी चहासारखी काळपट दिसली तर कुणाला न विचारता दवाखान्यात जा, कोचलाही नाही. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ओआरएसची पाकिटं ठेवलीत, सापडली नसतील तुला. एका पाकिटाला एक लिटर पाणी, जास्त नाही, कमी नाही.

बँकेतून केवायसीचं पत्र आलंय, ते सदाकाका बघतोय. तुझी सफेद लंगोट तालमीत राहिली होती, आबा स्वतः जाऊन घेऊन आलेत आणि कपाटात ठेवलीय.

दिल्लीला मी येणार आहे. तिकीट तायडी काढेल, निजामुद्दीनची गाडी आहे कोल्हापुरातून. लढतीला नाही, लढत मला बघवणार नाही. वजनाच्या आदल्या रात्रीला येते. तुझ्या त्या कोचला सांगून ठेव की एक बाई खोलीत बसलेली असेल, तिला इंग्रजी येत नाही आणि ती उठणार नाही.

तुझी,
आई