रविवारी पोरांना न्यायचं कुठं?

पुणे,
रविवार, रात्री दहा

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. जूनमध्ये सोलापूरचं बिऱ्हाड इकडे हलवतोयस हे वाचून मी घरात ओरडलोच. मग पुढचा मजकूर वाचला : "पुण्यात मॉल सोडून पोरांना न्यायचं कुठं बे? इथं निदान संक्रांतीला गड्ड्याची जत्रा तरी आहे." हे हिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, तुमचा मित्र अजून गड्ड्यातच आहे.

पण तुझा प्रश्न खोटा नाही. मला त्याचं उत्तर सापडायला तीन वर्षं लागली, तीही चांगली ठेच लागल्यावर. पहिल्याच हिवाळ्यात आम्ही एका 'फॅमिली कार्निव्हल'ला गेलो. नाव नको, पण चौकाचौकात फ्लेक्स होते. चौघांची तिकिटं काढून आत शिरलो, तर प्रत्येक खेळाला वेगळं कूपन! हवा भरलेल्या रबरी किल्ल्यावर पाच मिनिटं उड्या मारायच्या आणि त्यासाठी पाऊण तास रांगेत उभं राहायचं. धाकटा माझ्या खांद्यावर झोपूनच गेला. परत येताना थोरलीला विचारलं, काय आवडलं गं? "तो हवा भरायचा पंप."

तेव्हापासून फ्लेक्स बघायचं सोडलं. पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात दिवसभराचे कार्यक्रम येतात ना, जे फक्त आजोबा लोक वाचतात असं आपण समजायचो, ते सकाळी चहाबरोबर वाचतो. नाट्यगृहावरून जाताना बाहेरच्या बोर्डाकडे बघतो. सुट्टीत सकाळच्या वेळी बालनाट्यं लागतात, ती अशीच कळतात. पण सगळ्यात खात्रीची बातमी मिळते ती शाळेतल्या बाईंकडून. खोडदचं आम्हाला थोरलीच्या विज्ञानाच्या बाईंनीच सांगितलं.

खोडद म्हणजे नारायणगावजवळचं गाव. नाशिक रस्त्याने गेलं की पुण्याहून साधारण ८० किलोमीटर. तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी अवाढव्य दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या : १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या इंग्रजी 'वाय'सारख्या तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो (रामन यांनी १९२८ साली आपला शोध त्याच तारखेला जाहीर केला म्हणून), तेव्हा तिथे सगळ्यांना आत सोडतात आणि आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. मी रजा टाकली, डबा बांधून घेतला आणि गेलो.

एरवी लांबून कढईएवढी दिसणारी तबकडी जवळ गेल्यावर मान मोडेस्तोवर वर बघावी लागते. आणि ती भरीव नाही रे, तारेची जाळी आहे नुसती, आरपार आभाळ दिसतं. थोरलीने लगेच विचारलं, एवढी भोकं आहेत तर सिग्नल गळून जात नाहीत का? मी 'अं... अं...' करत होतो. बाजूला गणवेशातली नववीतली एक मुलगी आपल्या प्रयोगाच्या टेबलामागे उभी होती. ती म्हणाली, "तुझी आई गहू चाळते ना? कचरा पडतो, गहू पडतो का?" तिथे येणाऱ्या लहरी वीतभरापासून पुरुषभर लांबीच्या असतात, त्यांना ती बारीक जाळी पत्र्यासारखीच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून लोखंड कमी लागतं नि खर्चही वाचतो. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती मला त्या पोरीकडून कळली. येताना रस्त्यावर जुन्नरची द्राक्षं घेतली आणि थोरली नारायणगाव ते राजगुरुनगर फक्त गव्हाबद्दल बोलत होती.

शहरातलं म्हणशील, तर बाजीराव रस्त्याजवळचं केळकर संग्रहालय. कवी 'अज्ञातवासी' म्हणजेच दिनकर केळकर. त्यांनी उभ्या जन्मात गोळा केलेल्या वस्तूंचं हे घर आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं. तिथला मस्तानी महाल बघायला मोठ्यांची गर्दी होते, पण तू पोरांना थेट अडकित्त्यांपाशी ने. मोराचे, घोड्यांचे, माणसाच्या आकाराचे. आमचा धाकटा तिथे अर्धा तास बसला होता आणि घरी येऊन आजीच्या अडकित्त्याला डोळे काढले, खडूने. सगळं संग्रहालय एका दमात दाखवायला जाऊ नकोस. दोन दालनं बघायची, मग खाली येऊन भेळ.

कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. अख्खं शहर, सर्कस, डोंगरावर चढणारी गाडी, आणि मधेच रात्र करून दिवे लावतात. हे पावसाळ्यासाठी राखून ठेव. आपल्या सहलीतलं पेशवे पार्क आठवतं? वाघ-बिघ कधीच कात्रजला गेले. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे मी दोन्ही पोरांना घेऊन दारात उभं राहून शिकलो.

तुम्ही जूनमध्ये याल, म्हणजे थोड्याच दिवसांत नदीकाठी ढोलांचा सराव सुरू होईल. संध्याकाळी नुसतं जाऊन उभं राहायचं, एक पैसा लागत नाही. विसर्जन मिरवणुकीत मात्र लहान पोरांना नेऊ नकोस. धाकट्याला खांद्यावर घेऊन मी दोन तास एका जागी अडकलोय, आणि त्याने सू धरून ठेवलेली. दिवाळीत आमच्या सोसायटीत मातीचा किल्ला होतो, आणि एका संध्याकाळी आम्ही पेठांतून दुसऱ्यांचे किल्ले बघत हिंडतो. थोरली बुरुज मोजते, धाकटा मावळे मोजतो आणि कुणाच्या तरी किल्ल्यात प्लॅस्टिकचा डायनासोर सापडतोच.

राहिला गड्डा. त्याला तोड नाही, हे मान्य. नवरात्रात चतुःश्रृंगीची जत्रा भरते, पाळणे असतात, पण आपला तो खिशात पाच रुपये आणि डोळ्यात धूळ असा माहोल नाही. त्यामुळे माझं असं ठरलंय की संक्रांतीला आम्हीच चौघं तुमच्याबरोबर सोलापूरला येतो. गड्ड्याच्या मिरवणुकीतले नंदीध्वज माझ्या पोरांनी अजून पाहिलेले नाहीत.

वहिनींना नमस्कार. सामानाच्या ट्रकमध्ये कडक भाकरी आणि शेंगा चटणी वरच्या बाजूला ठेव, पहिल्या दिवशी तुझं घर लावायला आम्ही येतोय.

तुझा,
पिंट्या