भांडतात खरे, तरी त्यांचे आभार

संपादक साहेब, सलाम.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरला आमच्या सांगली-मिरजेकडच्या एका चर्चमधल्या भांडणाची बातमी आली होती, दोन गट, चॅरिटी कमिशनरकडं तक्रारी, उपासनेच्या टायमाला गेटला कुलूप आणि बाहेर रस्त्यावर बायामाणसं छत्र्या घेऊन उभी. बातमी खोटी नाही. मी त्याच मंडळीतली आहे, त्या दिवशी मीपण बाहेरच उभी होते. तेव्हापासून दूधवाल्यापासून बँकेतल्या मॅडमपर्यंत सगळे एकच विचारतात, "काय टीचर, तुमच्यात पण असलं चालतं होय? तुमच्यात तर प्रेम नि क्षमा लई सांगतात." काहींचा टोमणा असतो, काहींना खरंच नवल वाटतं. आता आमच्यातलेच काहीजण तुम्हाला खुलासा पाठवतील की असं काही झालंच नाही, आणि काहीजण असं लिहितील की चर्च म्हणजे नुसतं राजकारण, घरी बसून प्रार्थना केलेली बरी. मला यातलं काहीच लिहायचं नाही. मला या लोकांचे आभार मानायचेत, आणि ते सुधारल्यावर नाही, आत्ताच, कारण ते सुधारायची वाट बघत बसले तर माझीच वेळ यायची.

आमच्या खजिनदारांपासून सुरू करते. हिशोब मागितला की हा माणूस तोंड पाडतो, "म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही का" म्हणतो, आणि वार्षिक सभेत असा कागद वाचतो की आकडे कुणाला कळू नयेत. भांडणाचं निम्मं मूळ तिथंच आहे. पण आमच्याकडं पावसाळ्यात कुणी वारलं तर काय होतं हे ज्यांच्यात पुरतात त्यांनाच माहिती. काळी माती, खड्डा घेतला की बाजू ढासळते, खालून पाणी लागतं, पैसे देऊनही माणूस उतरायला तयार होत नाही. माझी आई जुलैत गेली. मी कब्रस्तानात पोचले तेव्हा हे खजिनदार पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कबरेत उभे होते, तेलाच्या पत्र्याच्या डब्यानं पाणी उपसत होते, वर एक पोरगा डबा ओढून घेत होता आणि ते त्याला शिव्या हासडत होते की हळू ओढ, बाजू पडंल. पेटी यायच्या आधी तळाला कोरडी वाळू पसरली होती. ती कुठनं आणली, पैसे कुणी दिले, आजवर बोलले नाहीत. त्याचाही हिशोब नाहीच म्हणा! आणि हे फक्त माझ्या आईसाठी नाही, विरोधी गटातल्या माणसाच्या बापासाठीपण त्यांनी हेच केलंय.

दुसऱ्या आमच्या महिला मंडळाच्या बाई. यांना गावातली प्रत्येक बातमी आधी कळते आणि ती सांगायची पद्धत ठरलेली, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं." मग कुणाच्या पोराचं बाहेर काय चाललंय, कुणाचं घर गहाण पडलंय, सगळं कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभेला, देवापुढं आणि आमच्यापुढं एकदमच मांडलं जातं. लोकांना राग येतो, येणारच. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 ची, आणि सांगलीतली माणसं मिळेल त्या गाडीनं मिरजेत यायला लागली, तेव्हा कुठल्या गल्लीत कोण म्हातारं एकटं आहे, कुणाला शुगरची गोळी लागते, कुणाची सून दिवस भरलेली आहे हे या बाईंना तोंडपाठ होतं. हॉलमध्ये चुली मांडल्या, तिथंही भाकरी लहान थापली म्हणून एकीला रडवलं त्यांनी. पण जेवायला बसलेल्या कुणालाही जात-धर्म विचारला नाही. ज्या नाक खुपसण्यानं आम्ही वैतागतो त्याच नाकानं त्या आठवड्यात काम केलं, हे मला तरी नाकारता येत नाही.

आता कुणी म्हणेल हे सगळं झाकापाक करायला लिहिलंय. तसं नाही. सगळे दोष असे हसून सोडण्यासारखे नसतात. आमच्यात पिढ्यान् पिढ्या बाप्तिस्मा झालेली घरं आहेत तरी सोयरीक जमवताना "मूळचे कुठले" हा प्रश्न हळूच येतोच आणि त्याचा अर्थ गाव नसतो हे विचारणाऱ्यालाही माहिती असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. माझ्या भाच्याच्या लग्नात आमच्याच चर्चच्या पंचांतल्या एका वडीलधाऱ्यांनी मुलीच्या बापाला तो विचारला. याच माणसानं लहानपणी मला पेटीवर बोटं धरून भजन शिकवलं. पेटीसाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे, त्या प्रश्नासाठी अजून चिडलेली आहे, आणि दोन्ही त्यांना तोंडावर सांगितलंय. एकाची दुसऱ्यातनं वजाबाकी करायला मला जमत नाही.

बायबलात बघा, करिंथ गावच्या ख्रिस्ती मंडळीला येशूचा प्रेषित पौल यानं पत्र लिहिलं ते साधारण 55 सालचं, इफिसातनं लिहिलेलं. ती मंडळी कशी होती बघा, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे एकेका पुढाऱ्याच्या नावानं गट, भावाभावांच्या कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षारस घ्यायच्या विधीला, एक उपाशी तर एक पिऊन झिंगलेला. (आमच्याकडं तासगावच्या द्राक्षांचा साधा रस असतो त्यामुळं तेवढी तरी भानगड नाही.) पौल पुढं त्यांना चांगला झापतो, एकही गोष्ट सोडत नाही. पण पत्राच्या सुरुवातीलाच, झापायच्या आधी, म्हणतो की तुमच्यासाठी मी देवाचे नेहमी आभार मानतो. त्याला त्यांची लक्षणं माहीत नव्हती असं नाही, त्यांच्यातल्याच लोकांकडनं निरोप पोचले होते.

आणि हे काही परदेशातलंच उदाहरण नाही. आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक घ्या. चर्चचा इथला परकेपणा, मिशनवर अवलंबून राहणं त्यांना पटेना, 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले आणि देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळ्यांनी एकत्र यावं म्हणून. दोन वर्षांत वारले. पण गाणी लिहिली ती याच मंडळ्यांसाठी, आणि आज साताऱ्यात काय नि मिरजेत काय, एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही गट रविवारी टिळकांचंच भजन म्हणतात. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडातल्या नन सिस्टर जेराल्डिनशी पत्रातनं केवढे वाद घातले, मला अक्कल शिकवू नका इथपर्यंत सूर गेला, तरी हाक मारायच्या आजीबाई म्हणूनच. पटत नाही म्हणून नातं तोडलं नाही.

वेगळ्या चर्चवाल्यांबद्दलपण दोन ओळी लिहिते नाहीतर अर्धवट राहील. आमच्या कॉलनीत एक नवीन प्रार्थना मंडळी आहे, स्पीकर मोठा, टाळ्या मोठ्या, आणि आम्हा जुन्या चर्चवाल्यांना ते नामधारी समजतात, आम्हीपण त्यांना मागं काहीबाही म्हणतोच. पण यांची पोरं रात्री अकराला दवाखान्याच्या वऱ्हांड्यात पेशंटच्या नातेवाईकांना चहा देताना मी बघितलीत. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, मिशनचे डॉ. वानलेस इथं आले त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली, बाहेरगावचे पेशंट अजून येतच असतात, आणि बाहेर झोपलेल्या नातेवाइकाला चहा मिळणं ही छोटी गोष्ट नाही. स्पीकर मात्र त्यांनी कमी करावा, माझं बीपी वाढतं.

तुमच्याबद्दल तक्रार नाही साहेब, बातमी छापलीत ते बरंच केलंत, झाकून काय उपयोग. पुढच्या महिन्यात आमचा हंगामाचा सण आहे, कोंबड्या, नारळ, भोपळे, पपया यांचा लिलाव असतो, दोन्ही गट ईर्ष्येनं बोली लावतात आणि दोनशेचा भोपळा दोन हजाराला जातो. बातमीदाराला पाठवा, फोटो चांगले मिळतील. त्या दिवशी जमलेल्या पैशांचा हिशोब तरी नोटीस बोर्डावर लागावा अशी माझी जाहीर मागणी आहे. हे पत्र छापलंत तर तो अंक खजिनदारांना मी स्वतः नेऊन देणार, आईच्या वेळचे आभार मानणार, आणि तिथंच बसून पावत्या मागणार.

एक वाचक,
मिरज, जि. सांगली