भैरप्पांची न वाचलेली पुस्तके : मित्रास पत्र

बेळगाव,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रवर्यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दिवाळीच्या धामधुमीत पोचले आणि उत्तरास महिना लागला, याबद्दल क्षमस्व. कानडी कादंबरीकार भैरप्पा गेल्याची बातमी २४ सप्टेंबरला आली, त्या रात्री आपण फोनवर बोललो खरे, पण दोघांनाही शब्द सुचत नव्हते. त्यानंतर तू पत्रात एकच प्रश्न विचारलास, की त्यांच्या कोणत्या कादंबऱ्या माझ्याकडून वाचायच्या राहिल्या आहेत ते आडपडदा न ठेवता लिहावे. आणि 'मंद्र' आजवर उघडलीच नाही, ही स्वतःची कबुली तू आधीच देऊन टाकलीस. ते वाचून मी कितीतरी वेळ पत्र हातात धरून बसलो. आपल्या दोघांत गाण्याचा कान तुझा. कुमार गंधर्वांचे जन्मगाव म्हणून मला सायकलवर डबलसीट घेऊन सुळेभावीला गेलेला तू, आणि गवयाच्या आयुष्यावरची ही कादंबरी वाचली ती मी! ती तू का टाळलीस, हे पत्रात लिहिलेले नाहीस. तुझी शिकवणी कशी सुटली आणि तंबोऱ्याला गवसणी कशी कायमची चढली, हे मी पाहिले आहे, म्हणून विचारतही नाही. त्यातल्या मोहनलालसारखा थोर गळ्याचा आणि माणूस म्हणून इतका आपमतलबी गवई समोर आला असता, तर तुला तुझे गुरुजी आठवल्यावाचून राहिले नसते.

आता माझी पाळी. १९५८ च्या 'भीमकाय'पासून २०१७ च्या 'उत्तरकांड'पर्यंत जवळजवळ साठ वर्षे त्यांनी लिहिले आणि सुमारे पंचवीस कादंबऱ्या मागे ठेवल्या. त्यांपैकी मी पूर्ण वाचलेल्या दहा. आपले मित्रमंडळ मला भैरप्पांचा पंडित समजते, म्हणून हा आकडा लिहिताना हात थोडा अडखळला. अगदी सुरुवातीची पुस्तके मी पाहिलेलीही नाहीत आणि त्यांची फारशी ओढही नाही. 'यान' राहिली, कारण अंतराळातल्या प्रवासात माझे मन रमत नाही. त्यामागे दुसरे काही नाही. पण राहिलेल्या पुस्तकांत दोन अशी आहेत, की ती राहिली याला कारण आहे, आणि त्यांतल्या एकीबाबत मी तुझ्याशी खोटे बोललो आहे.

ते खोटे 'पर्व' या महाभारतावरच्या कादंबरीविषयीचे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तू मला तुझी प्रत वाचायला दिली होतीस. तपकिरी कागदाचे कव्हर घातलेली ती जाड प्रत मी दोन महिन्यांनी परत केली आणि 'संपवली, असे पुस्तक पुन्हा होणे नाही' असे म्हणालो. मी ती संपवलेली नव्हती. म्हातारा शल्य नातीच्या लग्नाच्या काळजीत आहे, तिथून सुरू होणारा तो भाग मी अधाशासारखा वाचला; कुंती वाचली, भीम वाचला, द्रौपदी वाचली. देव, शाप आणि वरदाने बाजूला सारल्यावर ती सगळी माणसे आपल्या गावातल्या भावकीसारखी दिसू लागली, आणि तिथेच माझा जीव अडला. त्या वर्षी आमच्या घरात वाटणीचा दावा चालू होता, हे तुला ठाऊक आहे. बाबा आणि काका कोर्टाच्या आवारात एकमेकांकडे पाठ करून उभे राहत, आणि दुपारचा डबा मात्र दोघांना आजीनेच भरून दिलेला असे. युद्धाला तोंड लागण्याची वेळ आली तेव्हा मी पुस्तक मिटले. पुढे कडोलीच्या साहित्य संमेलनातून परतताना, टेम्पोच्या हौद्यात बसून, त्या युद्धाविषयी मी जे तावातावाने बोललो, ते सगळे तुझ्याच तोंडून पूर्वी ऐकलेले होते. तू ते ऐकून घेतलेस आणि मान डोलावलीस. तुला तेव्हा कळले होते का? कळूनही गप्प राहिला असशील, तर तुझे उपकार मानतो. नंतर मी स्वतःची प्रत विकत घेतली. तिची पहिली निम्मी पाने हाताळून मऊ झाली आहेत आणि पुढची अजून कोरी करकरीत आहेत.

दुसरी राहिलेली कादंबरी 'गृहभंग'. तिची हकीकत लांबलचक आहे.

तुला आठवत असेल, आपण सार्वजनिक वाचनालयातून 'वंशवृक्ष' आणली होती. १८४८ साली सुरू झालेल्या त्या वाचनालयाच्या बाकावर बसून आपण पहिली तीस-चाळीस पाने एकाच प्रतीत डोकी घालून वाचली. नंजनगूडचे श्रोत्रिय, कपिला नदी, विधवा सून कात्यायनी कॉलेजात जाऊ लागते तो प्रसंग, यांतले काहीही आपल्याला परके वाटले नाही. उमा कुलकर्णी या आपल्या बेळगावच्या माहेरवाशीण. त्यांनी भैरप्पा मराठीत आणले आणि त्याच 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना १९८९ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, याचा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. पतसंस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक कानडी गृहस्थ बसत, अत्यंत सज्जन माणूस. त्यांनी एकदा सहज विचारले, "राव, जन्म इथे गेला, कानडी आमच्यासारखी बोलता, आणि भैरप्पा मराठीतून वाचता?" आपल्यातलेच काही जण उलट विचारत, की मराठीत लेखक संपले का, म्हणून कानड्यांचे वाचतोस? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे होते. पहिल्याला मी उत्तर दिले नाही.

त्याचे उत्तर १९८६ मध्ये आहे. कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाचे ते दिवस तू आणि मी बरोबर पाहिले. जूनचा पाऊस, संचारबंदी, बंद गल्ल्या, आणि गोळीबारात माणसे गेल्याच्या एकामागून एक येणाऱ्या बातम्या. त्या वेळी बावीस वर्षांच्या मी मनाशी ठरवले, की ही लिपी डोळ्यांनी वाचायची नाही. बोलणे कधी सुटले नाही; बाजारात, बसमध्ये, शेतावर कानडी बोललो, कारण ती लहानपणापासून तोंडात होती. पण अक्षर दिसले की मान फिरवायची, असे मी अनेक वर्षे केले. सक्तीला विरोध केला याचा मला आजही पश्चात्ताप नाही; आपली भाषा हे आपले हक्काचे घर आहे आणि त्यासाठी उभे राहणे योग्यच होते. राग मात्र मी चुकीच्या ठिकाणी ठेवला. ज्या अक्षरांत भैरप्पांनी लिहिले, त्या अक्षरांचा त्यात काय दोष होता? परिणाम असा झाला, की आज कानडी पाटी मी वाचतो ती पहिलीतल्या पोरासारखी, एकेक अक्षर लावून, आणि जोडाक्षराचा खालचा भाग आला की थांबतो.

अनुवाद वाचणे म्हणजे ते पुस्तक वाचणेच, असे मी अजूनही मानतो. 'वंशवृक्ष', 'जा ओलांडुनी', 'काठ', 'सार्थ', 'मंद्र' ही मी वाचली आहेत आणि त्यांच्याबाबत मनात कसलीही रुखरुख नाही. श्रोत्रियांच्या तोंडची भाषा शास्त्राची आहे, संस्कृताच्या वाटेने ती मराठीत चालत येते आणि वाटेत तिचे फारसे काही सांडत नाही. पण 'गृहभंग'मधली माणसे तिपटूर-चन्नरायपट्टणकडच्या खेड्यांतली. त्यांच्या शिव्या, त्यांची भांडणे, त्यांचे रडणे त्या मातीतले. म्हणून ही एक तरी मुळातून वाचायची, असे ठरवून मी कानडी प्रत विकत घेतली. ती पंधरा वर्षे कपाटात उभी राहिली.

लिपी येत नाही हे कारण मी स्वतःला देत आलो. ते खरे होते, पण पुरे नव्हते. 'माझं नाव भैरप्पा' या आत्मचरित्रात त्यांची आई आणि भावंडे लहानपणीच प्लेगने कशी गेली ते वाचले, आणि त्या कादंबरीत काय असणार ते मला कळून चुकले. माझ्या आजीचे दोन भाऊ प्लेगमध्ये गेले होते. छपरातून उंदीर पडला की घर सोडायचे आणि माळावर झोपडी घालून राहायचे, हे ती आम्हाला सांगे. पण थोरल्या भावाच्या काखेत गाठ आली, या वाक्यापाशी ती दर वेळी थांबायची आणि उठून चुलीतली लाकडे पुढे सरकवायची. त्याच्या पुढचे वाक्य मी कधीही ऐकले नाही. 'गृहभंग' उघडली तर ते वाक्य ऐकावे लागेल, ही माझी भीती होती.

तुझे पत्र आल्यावर मी ती प्रत बाहेर काढली आणि जेवणे झाल्यावर सौ.पुढे ठेवली. तिचे माहेर बैलहोंगलचे आणि शिक्षण सगळे कानडीत, हे तू जाणतोसच. लग्नाला बत्तीस वर्षे झाली. आमच्या घरात मराठी बोलली जाते आणि ती इतकी चांगली बोलते, की ती दुसऱ्या भाषेतून आली आहे हे मी विसरूनच गेलो होतो. उमाताईंचे यजमान विरुपाक्ष कुलकर्णी कानडी पुस्तके वाचून टेप करून ठेवत आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवत, हे मी तिला सांगितले आणि विचारले, की तू मला वाचून दाखवशील का? ती काही बोलली नाही. चष्मा लावला, पदर सावरला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.

तिचा हा आवाज मी बत्तीस वर्षांत ऐकलेला नव्हता. मराठी बोलताना ती जपून बोलते. इथे आवाज मोकळा, थोडा खालचा, आणि वाक्याच्या शेवटी वेगळाच हेल. गंगम्माच्या शिव्या आल्या तेव्हा ती अडखळली. मला वाटले लाजली असेल, पण ती म्हणाली, "ही आमच्याकडची कानडी नव्हे, ही म्हैसूरकडची." दोन-तीन शब्दांवर तीही अडली आणि माहेरी भावाला फोन लावून अर्थ विचारला, त्यालाही एका शब्दाचा पत्ता नव्हता. मूळ भाषेतून वाचले म्हणजे सगळे हाती लागते, हा माझा समज त्या रात्री गेला. बैलहोंगलहून तिपटूर काही जवळ नाही.

आता महिना होत आला. रोज चार पाने, कधी सहा. नंजम्मा माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे. नवऱ्याच्या वाट्याला शानभोगकी आलेली, म्हणजे आपल्याकडचे कुळकर्णीपण, पण त्याला ना अक्कल ना उद्योग. गावचे हिशेब ती बाई लिहिते आणि संसार ओढते. मी एकतीस वर्षे रोजकीर्द आणि खतावणी लिहिली. ताळेबंदात एक रुपया जुळत नसला की रात्रीची झोप कशी उडते, ते मला माहीत आहे. घरात भाकरीला पीठ नसताना ती बाई दप्तर लिहीत बसते, हे सौ.ने वाचले तेव्हा मी तिला थांबवले आणि तीच चार वाक्ये पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा ऐकताना एकेक शब्द सुटा होऊन कानात आला. मग पुस्तक माझ्याकडे घेतले, बोट ठेवले आणि नंजम्माचे नाव स्वतः वाचले. 'म'खाली आडवा झालेला दुसरा 'म'. सौ. म्हणाली, बरोबर.

प्लेग अजून आलेला नाही. येणार हे आम्हा दोघांना ठाऊक आहे आणि त्याविषयी आम्ही बोलत नाही. तिला मी आजीची ती हकीकत सांगितली आहे, आणि ती पाने आली की तिने मला न विचारता, न थांबता वाचत जावे, असे सांगून ठेवले आहे.

तर माझी यादी ही अशी. तू मकरसंक्रांतीला येणार आहेस असे वहिनी म्हणाल्या. येताना तपकिरी कव्हरची ती 'पर्व' घेऊन ये. माझी स्वतःची प्रत आहे, तरी मला तुझीच हवी. जिथे सोडली, तिथून त्याच प्रतीतून पुढे वाचायची आहे. काका गेले, बाबाही गेले. दाव्याचा निकाल लागूनही आता वीस वर्षे झाली. 'मंद्र' मी तुला देणार नाही, तू मागितल्याशिवाय. ती इथे खिडकीजवळच्या फळीवर, वरून दुसऱ्या कप्प्यात आहे, एवढे सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. साडेनऊ होत आले आहेत आणि सौ. चष्मा पुसते आहे, म्हणून इथेच थांबतो.

तुझाच,
बेळगावचा मित्र