खुरासारखी बाही

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

चीनमधल्या शेनयांगच्या जुन्या राजवाड्यात काढलेला मांचू झग्याचा फोटो मिळाला. रात्री दुकान बंद केल्यावर मोबाइलवर मोठा करून करून पाहिला. बाही मनगटाकडे निमुळती होत जाते आणि टोकाला घोड्याच्या खुरासारखी गोल पट्टी पंजावर येते. ती तशी का, असं तू विचारलंस. अगं, हा कपडा बेतणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खोगिरावर बसलेला माणूस होता. मांचू म्हणजे ईशान्येकडच्या कडाक्याच्या थंडीतले घोडेस्वार, शिकारी; पुढे त्यांनीच चीनवर राज्य केलं. धनुष्य ताणताना बोटं मोकळी हवीत, पण हाताची पाठ गारठायला नको, म्हणून ती पट्टी. एरवी ती वर दुमडायची. वरिष्ठांपुढे गुडघा टेकण्याआधी मात्र झटकून खाली सोडायची. थंडीतली सोय अशी दरबारचा रिवाज होऊन बसली.

घेराचे कटही खोगिरासाठीच. पुढे राजघराण्यातल्यांना चार कट आणि इतरांना दोन, असा नियमच झाला. समोरचा भाग एकावर एक घेऊन उजव्या बाजूला, काखेखाली बंद करायचा. पाहताक्षणी मला आपली बाराबंदी आठवली. फक्त बंदांच्या जागी गाठीचं बटण आणि फासा. तसली बटणं मी एका शेरवानीला केली होती. तिरप्या पट्टीची दोरी वळून गाठ इतकी आवळावी लागते, की बोटांवर वळ उठतात.

पण मनू, हा झगा पाहताना 1645 साल विसरू नकोस. त्याआधी, मिंग राजवटीत, हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुष रुंद बाह्यांचे घोळदार कपडे घालत, केस वाढवून डोक्यावर बांधत. 1644 साली मांचूंनी बीजिंग घेतलं आणि वर्षभरात राजप्रतिनिधी दोर्गोनचा हुकूम सुटला: दहा दिवसांत पुढचं डोकं भादरा, मागे वेणी ठेवा, पोशाखही आमचाच करा. केस ठेवाल तर डोकं जाईल, असंच लोक म्हणत. शांघायजवळच्या च्यादिंग शहरातल्या लोकांनी ऐकलं नाही, तेव्हा तिथे कत्तली झाल्या. कपड्यावर पोट असलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना कात्री खाली ठेवावीशी वाटली.

मांचू बादशहांनाही धास्ती होतीच. 1636 सालीच होंग ताइजीने आपल्या सरदारांना बजावलं होतं, की रुंद बाह्या घ्याल तर तिरंदाजी विसराल. तरी अधिकाऱ्यांच्या छातीवर हुद्दा दाखवणारे चौकोन त्यांनी मिंगांचेच उचलले: मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना जनावरं. सर्वांत वरच्या मुलकी हुद्द्याला क्रौंच.

1912 साली बादशाही गेली, वेण्या कापल्या गेल्या. झगा मात्र राहिला. 1929 साली चिनी प्रजासत्ताकाच्या सरकारने लांब झगा आणि त्यावरचा आखूड ‘मागुआ’ हाच पुरुषांचा समारंभी पोशाख ठरवला. मागुआ म्हणजे घोड्यावर घालायचं जाकीट. 2001 साली शांघायच्या परिषदेत देशोदेशींच्या नेत्यांनी घातलेली रेशमी जाकिटंही त्याच वळणाची. ज्या कपड्यापायी माणसं मेली, तोच त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आपला म्हणून जपला. हे कसं होत गेलं, याचाच मी हल्ली मशीनवर बसून विचार करत असतो.

पुन्हा गेलीस तर झग्याचे कट मोजून कळव. आणि काखेखालच्या एका बटणाचा अगदी जवळून फोटो काढ, गाठीचा वेढा कुठून सुरू होतो ते मला पाहायचंय.

तिथली थंडी बाधू देऊ नकोस.

तुझे,
बाबा