कोणता बाण सोडायचा नाही हे शिकवणाऱ्या शेजारच्या आजोबांना

प्रिय आजोबा,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. तुमचे तोंडी आभार मानून झालेत आणि माझी लेक तुम्हाला हे इंग्रजीत वाचूनही दाखवणार आहे. पण नागपूरचे माझे भाऊ-वहिनी आणि इथल्या, पेनसिल्व्हेनियातल्या, मराठी मैत्रिणी यांना "शेजारचे आजोबा आमच्या मुलाला धनुष्यबाणाने हरणाची शिकार शिकवतात" असं सांगितलं की बोलणं तिथेच थांबतं. तुम्ही नक्की काय शिकवलंत, ते त्यांच्यासमोर सांगून तुमचे आभार मानायचे आहेत.

माझे बाबा वनखात्यात होते, चंद्रपूर जिल्ह्यात. आमच्या घरात शिकारी म्हणजे तारेचा फास लावणारा, रानडुकरांच्या नावाखाली विजेची तार सोडणारा माणूस. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा बाबांना तोंडपाठ होता. फासात पाय अडकलेलं चितळ मी लहानपणी पाहिलंय. तार हाडापर्यंत गेली होती. त्यामुळे इथे ऑक्टोबर लागला की शेजारीपाजारी उघडपणे धनुष्यं बाहेर काढतात, हे मला सुरुवातीला बघवत नसे.

इथली गोष्ट वेगळी आहे, हे तुमच्याकडूनच कळलं. १८९५ मध्ये या राज्याचा गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यप्राण्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं, स्थापन झाला तेव्हा इथली हरणं जवळजवळ संपली होती, आणि १९०६ पासून ती बाहेरच्या राज्यांतून आणून सोडावी लागली. लांडगा आणि कूगर (इथला पहाडी सिंह) मात्र परत आले नाहीत. आज पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी झालीत की ओकची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत खाऊन टाकतात आणि रस्त्यावर रोज कुणाची तरी गाडी हरणाला धडकते. हे सगळं मला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि आपल्या कुंपणाशी वाळक्या पानांवर रक्त दिसणं वेगळं.

त्या सकाळी दारात एक अनोळखी तरुण उभा होता. मागच्या रानात त्याने हरणावर बाण सोडला होता, हरीण आमच्या जागेत शिरलं होतं आणि माग काढायला तो माझी परवानगी मागत होता. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही हातातला कॉफीचा कप खाली ठेवून तसेच आलात, सोबत तुमची ती आखूड पायांची, राठ केसांची डॅक्सहुंड कुत्री.

तुम्ही आधी त्याचा बाण मागितलात. हरणातून आरपार जाऊन तो जमिनीत रुतलेला सापडला होता. तुम्ही तो उजेडात धरलात, मग नाकाशी नेलात, मग माझ्यापुढे केलात. पिसांना हिरवट-तपकिरी चिकटा लागला होता, त्यात चावलेल्या ओकफळांचा भुगा होता आणि वास शेणासारखा उग्र होता. फुफ्फुसांना लागलं तर रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं, यकृताला लागलं तर काळपट लाल. हे पोटातलं आहे, असं तुम्ही म्हणालात. मग त्या मुलाला विचारलंत, हरीण पळालं कसं? पाठ कमानीसारखी करून, शेपटी खाली घालून, चालतच गेलं, असं तो म्हणाला. तुम्ही मान हलवलीत आणि घड्याळ बघितलंत. संध्याकाळपर्यंत कुणीही तिकडे पाऊल टाकायचं नाही.

मी तुमच्यावर जवळजवळ ओरडलेच, आजोबा. जनावर तिकडे तडफडतंय आणि आपण इथे बसायचं? तुम्ही शांतपणे समजावलंत. पोटात बाण लागलेलं हरीण लगेच मरत नाही, आठ-दहा तास काढतं. त्याला कुणी छेडलं नाही तर ते दोन-तीनशे यार्डांत आडोसा बघून बसतं आणि तिथेच प्राण सोडतं. आत्ता मागे गेलो तर ते उठेल, मैलभर जाईल, रक्त टपकायचं थांबेल आणि मग ते कुणालाच सापडणार नाही. दुखणं तेवढंच, वर वाया जाणं. तो दिवस फार लांबला. तुम्ही आमच्या ओट्यावरून हलला नाहीत आणि त्या मुलालाही हलू दिलं नाहीत.

संध्याकाळ झाल्यावर तुम्ही कुत्रीला लांब दोरी बांधलीत. माग काढायला दोरीला बांधलेला कुत्रा नेणं या राज्यात २०१८ पासूनच कायदेशीर झालंय, हेही तेव्हाच कळलं. मला एक थेंब दिसत नव्हता तिथून ती नाक जमिनीला लावून सरळ ओढ्याकडे गेली. हरणी झुडपात बसल्या जागीच गेली होती. तुम्ही त्या मुलाला एक शब्दही कडवट बोलला नाहीत. गुडघे टेकून बाण तिच्या अंगावर धरलात आणि दाखवलंत: ती तिरकी, तोंड तुझ्याकडे करून उभी होती; बाण एका फऱ्याच्या मागून शिरला तो एकच फुफ्फुस जेमतेम चाटून कोथळ्यातून बाहेर पडला. ती वळेपर्यंत थांबायचं होतंस. त्याने डोळे पुसले आणि हरणीवर हात ठेवला. बाबांच्या गोष्टींतला शिकारी मला त्या मुलात कुठेच दिसला नाही.

म्हणूनच पुढे माझ्या मुलाने धनुष्यबाण शिकायचं म्हटलं तेव्हा मी त्याला फक्त तुमच्याकडे पाठवलं. तुमच्या गॅरेजमध्ये किती महिने नुसता पुठ्ठ्याचा हरीण होता! तुम्ही त्याला आधी हरणाच्या आतली रचना काढायला लावलीत: बरगड्या, फुफ्फुसं, हृदय, फऱ्याचं हाड. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापतो आणि जनावर रक्तस्रावाने जातं. म्हणून पाती वस्ताऱ्यासारखी धारदार हवीत आणि जागा अचूक हवी. दोन्ही फुफ्फुसांतून गेला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वरच्या रेघेवर. तिरकं, पलीकडे तोंड करून असेल तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरून. समोरून नाही, मागून नाही, चालत्यावर नाही. मचाण फार उंच बांधलं तर बाण इतका खडा उतरतो की एकच फुफ्फुस सापडतं, हेही त्याला दोरी-पट्टा बांधून झाडावर चढवून दाखवलंत.

मला सगळ्यात थक्क केलं ते आवाजाच्या हिशोबाने. बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, आवाज अकराशे. हरीण तीस यार्डांवर असेल तर धनुष्याच्या दोरीचा आवाज बाणाच्या पाव सेकंद आधी पोचतो, आणि तेवढ्यात दचकलेलं हरीण उडी घ्यायला पायांवर खाली दबतं. मग छातीवर धरलेला बाण पाठीत लागतो. म्हणजे नेम चुकलेलाच नाही, तरी हरीण जखमी. म्हणून अंतर वीस यार्डांच्या आत आणि हरीण निवांत, ही तुमची अट. कायदा पस्तीस पौंड ताणाचं धनुष्य आणि सात अष्टमांश इंचाचं पातं एवढंच मागतो, तुम्ही त्याहून कितीतरी जास्त मागितलंत. आणि काही लपवलं नाहीत. मेरिलँडमधल्या इंडियन हेडच्या नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळात, परीक्षा देऊन आलेल्या तिरंदाजांच्या हातूनही, बाण लागलेल्या दर शंभरांतली साधारण १८ हरणं सापडली नाहीत, हे तुम्ही त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. हे ऐकून शिकायचं नसेल तर आत्ताच घरी जा, असंही म्हणालात. तो गेला नाही.

गेल्या नोव्हेंबरात मोठ्या शिंगांचा नर त्याच्या मचाणाखाली आला, अगदी जवळ, पण तोंड समोर करून. याने दोरी ओढलेली होती. तशीच हळूहळू परत सोडली आणि नर निघून गेला. घरी येऊन त्याने आधी तुम्हाला फोन केला, मला नंतर सांगितलं. 'वाईट वाटलं का' असं तुम्ही विचारलंच नाहीत. विचारलंत, "त्याचे कान कुठे होते?" आणि मग तुम्ही दोघं अर्धा तास त्या कानांवरच बोलत होतात.

जीव घेणं मला आजही आवडत नाही आणि तुम्ही कधी मला ते आवडवून घ्यायला लावलं नाहीत, याबद्दलही आभार. आमच्या मागच्या जागेत कुणाचंही जखमी हरीण शिरलं तर कुत्रीला घेऊन थेट या. कुंपणाच्या फाटकाचं कुलूप काढून टाकलंय, रात्री दोनला आलात तरी विचारायचं नाही. फक्त ओट्यावरचा दिवा लावा, म्हणजे मी चहा टाकीन.

तुमची शेजारीण