मठातले खून आणि बाबांचं तेल

प्रिय आई-बाबा,

आई, तू परवा फोनवर म्हणालीस ना की देवाधर्माच्या ठिकाणचे कसले खून वाचत बसतेस, तर आता लिहूनच सांगते, फोनवर तू मला पूर्ण बोलू कुठे देतेस.

ह्या ब्रदर कॅडफेलच्या गोष्टी आहेत, म्हणजे खुनांचा छडा लावणाऱ्या एका ख्रिस्ती संन्याशाच्या. एलिस पीटर्स हे टोपणनाव, बाईंचं खरं नाव एडिथ पार्जेटर, १९७७ ते १९९४ मध्ये २० कादंबऱ्या लिहिल्या त्यांनी यावर. काळ बाराव्या शतकातला, इंग्लंडचा राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण मॉड गादीसाठी भांडतायत, आणि वेल्सच्या सीमेजवळ श्रूझबरीच्या मठात हा कॅडफेल औषधी झाडांची बाग सांभाळतो, काढे उकळतो, मलमं करतो. बाबा, तुमच्या अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारसारखा थाट नाही हं याचा, पण हाही तरुणपणी क्रुसेडला, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धात, लढून, समुद्रावर भटकून, प्रेमं-बिमं करून मग मठात आलाय, त्यामुळे कोण खोटं बोलतंय आणि कोण कोणावर जीव टाकतंय हे त्याला बरोबर कळतं. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एक तरुण जोडपं अडचणीत असतंच आणि हा म्हातारा गुपचूप त्यांचं जमवून देतो. आई, तुला हेच आवडणार, मला माहितीय!

मला सगळ्यात आवडलं ते १९८० चं 'मंक्स हूड'. त्यात कॅडफेलनेच सांधेदुखीवर चोळायला केलेलं तेल कोणीतरी जेवणात घालतं, माणूस मरतो, आणि त्याची बायको कोण निघावी, तर चाळीसेक वर्षांपूर्वी कॅडफेलचं जिच्याशी लग्न ठरलेलं ती! संशय तिच्या पोरावर. आता हा माणूस देवाला दिलेला शब्द मोडेल का, असं आपल्याला वाटत राहतं, पण तसलं रडारड प्रेम नाहीये ते, दोघं जुनी ओळख असल्यासारखे बोलतात आणि तरी वाचताना आत काहीतरी हलतं. आणि खुनी सापडला की दिला फाशी, विषय संपला, असंही नसतं, चुकलेल्याला पश्चात्ताप करायला जागा ठेवायची की नाही हा प्रश्न कॅडफेल खरंच मनावर घेतो. नुसतं धार्मिक प्रवचन असतं तर मी दहा पानांत झोपले असते.

पुस्तक इंग्रजीत आहे, आईला बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर थोडं थोडं मराठीत सांगेन. आई, शेवट आधी विचारायचा नाही.

आणि बाबा, त्या तेलातलं विष म्हणजे आपल्या बचनागाच्याच कुळातलं झाड आहे. तुमची ती वैद्यांकडची गुडघ्याची बाटली स्वयंपाकघरात गोडेतेलाशेजारी आहे ना अजून, ती आजच्या आज तिथून हलवा, आणि वर मोठ्ठ्या अक्षरात नाव लिहा.

तुमची,
छोटी