पाण्यात गेलेले सहाशे डॉलर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "घर घेतलंच नाहीस, मग तपासणीचे पन्नास हजार पाण्यात घातलेस ना?" तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

क्लीव्हलँडमधलं ते घर 1924 सालचं. वर-खाली दोन बिऱ्हाडं. वर मी राहणार, खालच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता निघणार, असा हिशेब. एजंट म्हणाला, तपासणीची अट सोडा, मालक लगेच हो म्हणेल. घर हातचं जाईल या भीतीने पुष्कळ जण ती सोडतात. मी करारात घालून घेतली. मुदतीत मोठा दोष निघाला तर इसार परत घेऊन माघार घेता येते.

तपासनीस तीन तास घरभर फिरला, मी त्याच्या मागे. माळ्यावर चिनी मातीच्या गुट्ट्यांवरून नेलेल्या जुन्या वायरी, अर्थिंगचा पत्ता नाही. अशा घराला विमा मिळवायलाच मारामार. मग त्याने सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा सोडला. मातीचे पाइप, आणि सांध्यासांध्यातून झाडाची मुळं आत आलेली! तेव्हा बाबा, पैसे पाण्यात नाही, गटारात गेले म्हणा. पण रस्त्यापर्यंत खणून नवे पाइप घालायचे तर किती हजार लागले असते, विचारू नका.

तरीही किंमत कमी झाली असती तर मी कदाचित घेतलंही असतं. मालक अडून बसला, हा एक भाग. दुसरं म्हणजे खाली एक बाई दोन लहान मुलांना घेऊन राहते. खिडकीच्या चौकटीचे पोपडे निघालेत, धाकटा तिथेच गाड्या खेळत होता. इथे 1978 पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो. त्याची धूळ पोटात गेली की मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. म्हणून अशी घरं भाड्याने द्यायची तर शहराचं प्रमाणपत्र लागतं. मालकाला त्याबद्दल विचारलं तर त्याने खांदे उडवले.

आई, आपल्या वाड्यातल्या स्वयंपाकघरात गळायचं तेव्हा मालक "पुढच्या पावसाळ्याआधी बघू" म्हणायचे, आठवतं ना? तू चार वर्षं पातेली लावलीस.

शनिवारी दुसरं घर बघायला जातोय, 1951 चं. वायरिंग नवीन आहे म्हणतात. कॅमेरा पुन्हा सोडणारच. बाबा, रागावू नका.

तुमचा,
मन्या